आधी पूर्वज्ञान, मग पाठ

(पायथनमधील पॅकेज संगणकावर बसविणे व त्याची पूर्वतयारी : नवापूर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी योजिलेले व्याख्यान)



पाठाचे टाचण लिहिताना विषय, घटक आणि उद्दिष्टे यांच्या जोडीला ‘पूर्वज्ञान’ असा एक रकाना असतो. अनुभवी शिक्षक तो कधीही रिकामा सोडीत नाही. हातच्याची बेरीज शिकवावयाची तर मुलाला एकक-दशक ठाऊक असले पाहिजे, आणि एकक-दशक समजावयाचे तर दहा-दहांचे गठ्ठे त्याच्या हातांनी बांधून झालेले असले पाहिजेत. नवापूर तालुक्यात या रकान्याचे महत्त्व अधिकच आहे. घरी मावची किंवा भिली बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात येते, तेव्हा पुस्तकातील मराठी शब्द हाच त्याच्यापुढील पहिला चढ असतो. अशा मुलाला उत्तर आले नाही तर जाणता शिक्षक त्याला मंद ठरवीत नाही. याच्या आधीचे काय शिकावयाचे राहिले, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो.

संगणकावर नवे साधन बसवितानाही हाच प्रश्न विचारावयाचा असतो. साधन बसले नाही म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे, अथवा शिक्षकाला अक्कल नाही असेही नव्हे. बहुधा त्या साधनाच्या आधी यावयाचे काहीतरी आलेले नसते. पायथन या संगणकभाषेतील एका पॅकेजच्या उदाहरणाने ही गोष्ट येथे स्पष्ट करावयाची आहे.

एका शाळेचे उदाहरण

तालुक्यातील एक लहान शाळा डोळ्यांसमोर आणावी. पावसाळ्याच्या आरंभी तेथील गुरुजींनी सरळ बाजूंचा एक डबा उघड्या अंगणात ठेवला. रोज सकाळी ठरलेल्या वेळी चौथीची मुले त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजतात आणि ती मिलिमीटरमध्ये वहीत लिहितात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे गणितही त्या निमित्ताने मुलांना पाठ झाले आहे. या भागात अशी नोंद हा केवळ खेळ नव्हे. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात नवापूर तालुक्यात अतिवृष्टी होऊन नद्यांना मोठा पूर आला आणि जीवितहानीही झाली. पाऊस किती पडला म्हणजे नदी पात्राबाहेर येते, हे जाणण्याची पहिली पायरी म्हणजे रोजची साधी नोंद होय.

चार महिन्यांची नोंद जमल्यावर तिचा आलेख शाळेच्या संगणकावर काढून दाखवीन, असे गुरुजींनी मुलांना सांगितले. त्यासाठी पायथन आणि त्यातील ‘मॅटप्लॉटलिब’ हे आलेख काढणारे पॅकेज वापरावयाचे त्यांनी ठरविले. शाळेत इंटरनेट नाही. म्हणून ते नवापुरास गेले आणि मॅटप्लॉटलिबची एक फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन आले. शाळेत ती उघडू पाहताच पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग उमटली आणि काम थांबले. ‘गुरुजी, आज नाही का दिसणार?’ असे एका मुलीने विचारले. त्या प्रश्नाला उत्तर देणे कठीण होते.

गुरुजींचे नेमके काय चुकले, हे समजण्यासाठी पायथनच्या रचनेकडे वळले पाहिजे.

पायथन व पॅकेज म्हणजे काय

पायथन ही नेदरलँड्समधील संगणकतज्ज्ञ गिडो व्हान रॉसम यांनी निर्माण केलेली भाषा आहे. १९८९ च्या अखेरीस त्यांनी तिचे काम हाती घेतले व १९९१ मध्ये ती प्रथम लोकांपुढे आली. तिचे नाव अजगरावरून आलेले नसून ‘माँटी पायथन’ या विनोदी इंग्रजी कार्यक्रमावरून घेतलेले आहे. ही भाषा विनामूल्य मिळते.

तिच्यात नित्याची कामे करण्याची सोय मुळातच असते. विशेष कामांसाठी मात्र जगभरातील लोकांनी निरनिराळे संच तयार करून ठेवले आहेत. अशा संचाला पॅकेज म्हणतात. २००३ पासून ‘पायथन पॅकेज इंडेक्स’ या भांडारातून ती सर्वांना मिळू शकतात. भांडारातून मागवून ती संगणकावर बसविणाऱ्या साधनाचे नाव ‘पिप’ असे आहे. पायथनच्या हल्लीच्या आवृत्त्यांबरोबर पिप आपोआप येते.

मॅटप्लॉटलिब हे जॉन हंटर या अमेरिकन संशोधकाने रचलेले पॅकेज २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्संकेतांचे आलेख काढण्याची त्याला गरज होती आणि त्या गरजेतून हे साधन जन्मले. हंटर २०१२ मध्ये निवर्तला, परंतु त्याच्या साधनाचा उपयोग आज प्रयोगशाळांपासून शाळांपर्यंत सर्वत्र होतो.

हे पॅकेज एकटे चालत नाही. त्याला आणखी नऊ पॅकेजे लागतात. संख्यांच्या कोष्टकांसाठी नमपाय, चित्रांसाठी पिलो, अक्षरांच्या वळणांसाठी फाँटटूल्स, तारखांसाठी पायथन-डेटयुटिल, समोच्च रेषांसाठी काँटूरपाय, रंगांच्या आवर्तनासाठी सायकलर, आकृतीतील भागांची मांडणी सोडविण्यासाठी किवीसॉल्व्हर, लिहिलेला मजकूर उलगडण्यासाठी पायपार्सिंग आणि आवृत्तीचे क्रमांक पारखण्यासाठी पॅकेजिंग, अशी ती नऊ आहेत. यांपैकी डेटयुटिलला स्वतःसाठी आणखी एक पॅकेज लागते. त्याचे नाव सिक्स, म्हणजे सहा. पायथनची दुसरी व तिसरी पिढी यांत सांधा जोडण्यासाठी ते केलेले असल्याने, दोन गुणिले तीन बरोबर सहा, असे ते नाव पडले.

म्हणजे एक पाहुणा बोलावला तर त्याच्यामागून दहा जण येतात. गुरुजींनी एकट्यालाच आणले आणि बाकीचे दहा नवापुरातच राहिले. पडद्यावरील इंग्रजी ओळी एवढेच सांगत होत्या.

पहिली पायरी : यंत्राची ओळख

काहीही उतरवून घेण्यापूर्वी शाळेतील संगणकाची माहिती कागदावर लिहून घ्यावी. सेटिंग्जमधील सिस्टिम आणि त्याखालील अबाउट या ठिकाणी ती मिळते. जुन्या यंत्रांवर कंट्रोल पॅनेलमधील सिस्टिम या भागात पाहावे. दोन गोष्टी अवश्य टिपाव्यात : विंडोजची आवृत्ती कोणती, आणि यंत्रणा बत्तीस बिटांची की चौसष्ट बिटांची.

हे टिपण क्षुल्लक नाही. शाळांना मिळालेले संगणक पुष्कळदा जुने असतात. विंडोज ७ वर पायथन ३.८ पर्यंतच्याच आवृत्त्या चालतात, ३.९ पासूनच्या चालत नाहीत. विंडोज ८.१ असल्यास ३.१२ ही शेवटची आवृत्ती होय. त्यापुढील आवृत्त्यांना विंडोज १० किंवा त्यानंतरची यंत्रणा लागते. पाहिलीच्या मुलाला चौथीचे पुस्तक द्यावे तसे जुन्या यंत्राला नवे पायथन देऊन उपयोग नाही.

दुसरी पायरी : पायथन बसविणे

पायथन घ्यावयाचे ते ‘पायथन डॉट ऑर्ग’ या अधिकृत स्थळावरूनच घ्यावे. नेहमीचा इन्स्टॉलर उघडला की त्याच्या पहिल्याच खिडकीत तळाशी, पायथनला ‘पाथ’मध्ये घालावे काय, अशा अर्थाचा एक चौकोन असतो. त्यावर खूण करण्यास विसरू नये. पाथ म्हणजे संगणकाजवळची पत्त्यांची यादी. तीत पायथनचा पत्ता नसेल तर आज्ञा देऊनही, असे कोणी येथे राहत नाही, असेच उत्तर संगणक देतो. पायथन बसलेले असूनही सापडत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा या एका राहून गेलेल्या खुणेत असते.

यापुढील आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीच्या लहान अक्षरांत टंकावयाच्या. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही काळी खिडकी उघडून ‘पायथन --व्हर्जन’ असे टंकावे. उत्तरादाखल आवृत्तीचा क्रमांक आला म्हणजे ही पायरी पुरी झाली. क्रमांक येईपर्यंत पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी : स्वतंत्र खोली

निरनिराळ्या कामांची पॅकेजे एकाच जागी भरली तर त्यांची आपसांत गल्लत होते. एका कामाला नमपायची जुनी आवृत्ती हवी असते, दुसऱ्याला नवी. म्हणून प्रत्येक कामाला वेगळी खोली देण्याची सोय पायथनमध्ये आहे. ‘पायथन -एम व्हेन्व पाऊस’ अशी आज्ञा दिली की ‘पाऊस’ या नावाचे एक फोल्डर तयार होते. त्यातील ‘स्क्रिप्ट्स’ या उपफोल्डरातील ‘ॲक्टिव्हेट’ ही फाइल चालविली की त्या खोलीचे दार उघडते आणि आज्ञेच्या ओळीआधी कंसात खोलीचे नाव दिसू लागते. यानंतर जे बसविले जाईल ते त्या खोलीतच राहील. काही बिघडले तर ते फोल्डर पुसून नवे करता येते, बाकीच्या संगणकाला धक्का लागत नाही.

लिनक्सवरील उबुंटूसारख्या यंत्रणेत पायथन आधीपासून असते. पण तिच्या अलीकडील आवृत्त्या, खोली न करता थेट पॅकेज बसवू गेल्यास नकार देतात. तेथे खोली करण्याची ही सोयसुद्धा प्रथम वेगळी बसवून घ्यावी लागते. पूर्वतयारीलाही पूर्वतयारी लागते, ती अशी.

चौथी पायरी : पॅकेज आणणे

इंटरनेट असेल तेथे काम सोपे आहे. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल मॅटप्लॉटलिब’ अशी आज्ञा दिली की वरील दहाही सोबती पिप स्वतःच शोधून आणते व योग्य जागी बसविते. पायथन जुने असेल तर त्याला मानवणारी पॅकेजची जुनी आवृत्तीही पिपच निवडते.

शाळेत इंटरनेट नसेल तर गावाहून नवापुरास येणाऱ्या शिक्षकाने फाइल एकेक करून गोळा करू नये. इंटरनेट असलेल्या संगणकावर एक रिकामे फोल्डर करून त्यात ‘पायथन -एम पिप डाउनलोड मॅटप्लॉटलिब’ अशी आज्ञा द्यावी. पॅकेज आणि त्याचे सर्व सोबती त्या फोल्डरात उतरतात. हा सगळा ऐवज शंभर मेगाबाइटच्या आतच असतो. तो पेन ड्राइव्हवर घ्यावा, आणि पायथनचा इन्स्टॉलरही सोबत ठेवावा. शाळेत आल्यावर ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स’ एवढे लिहून पुढे बरोबरचे चिन्ह, त्याला लागून फोल्डराचा पत्ता, आणि एक जागा सोडून मॅटप्लॉटलिब हे नाव टंकावे. ‘नो-इंडेक्स’चा अर्थ बाहेरच्या भांडाराकडे जाऊ नये, आणि ‘फाइंड-लिंक्स’चा अर्थ या फोल्डरातच शोधावे.

यात एक अट आहे. जेथे फाइल उतरविल्या तो संगणक आणि शाळेतील संगणक, दोन्हींवर पायथनची आवृत्ती, विंडोज व बिटांची संख्या ही जुळली पाहिजेत. नवापूरचे रेल्वे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवर उभे आहे. तेथे एकाच गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत करावी लागते. गाडी तीच, ऐकणारे निराळे. पॅकेजचेही तसेच आहे. नमपाय एकच असले तरी निरनिराळ्या यंत्रांसाठी त्याच्या तयार फाइल निरनिराळ्या असतात. फाइलच्या नावात ‘सीपी३१२’ असे दिसले तर ती पायथन ३.१२ साठी आहे, आणि शेवटी ‘विन_एएमडी६४’ असे दिसले तर ती चौसष्ट बिटांच्या विंडोजसाठी आहे, असे समजावे. पहिल्या पायरीवरील टिपण येथे उपयोगी पडते.

अडचणीच्या ओळी कशा वाचाव्यात

लांबलचक इंग्रजी ओळी पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. त्या खालून वर वाचाव्यात. मुख्य कारण बहुधा शेवटच्या ओळींत असते.

‘नो मॉड्यूल नेम्ड’ असे शब्द आले तर त्यापुढील नावाचे पॅकेज आलेले नाही, किंवा खोलीचे दार उघडावयाचे राहिले आहे. येथे एक सावधगिरी बाळगावी. पॅकेजचे बसविताना घ्यावयाचे नाव आणि वापरताना घ्यावयाचे नाव कधी कधी वेगळे असते. हजेरीपटावरील नाव एक आणि घरी हाक मारावयाचे नाव दुसरे, तसाच हा प्रकार आहे. पिलो हे पॅकेज पिलो म्हणून बसवितात, पण कार्यक्रमात त्याला पीआयएल या अक्षरांनी हाक मारावी लागते.

‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ हवे आहे असा संदेश आला, तर त्या यंत्रासाठी तयार फाइल न मिळाल्याने पिप मूळ मजकुरापासून पॅकेज घडवू पाहत आहे, असे जाणावे. त्यासाठी लागणारी अवजारे फार मोठी असतात. शाळेने त्या फंदात न पडता, ज्या पायथन-आवृत्तीसाठी तयार फाइल मिळतात ती आवृत्ती बसवावी.

नाव टंकताना एकेक अक्षर तपासावे. प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादे अक्षर फिरवून त्या नावाने घातक पॅकेज भांडारात ठेवण्याचे प्रकार घडलेले आहेत. अनोळखी माणसाने पाठविलेली फाइलही बसवू नये.

अखेरीस मराठी अक्षरांविषयी. मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या अक्षरवळणात देवनागरी नाही, त्यामुळे महिन्यांच्या नावांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. देवनागरीचा फाँट निवडल्यास अक्षरे दिसतात, परंतु वेलांट्या व जोडाक्षरे जागच्या जागी बसतीलच असे नाही. आरंभी महिन्यांचे क्रमांकच घालावेत आणि नावे मुलांकडून फळ्यावर लिहवून घ्यावीत. फाँट हीसुद्धा एक पूर्वतयारीच आहे.

नोंद ठेवणे

शाळेत आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते. पॅकेजांची नोंदही तशीच ठेवावी. ‘पायथन -एम पिप फ्रीझ’ ही आज्ञा बसविलेल्या सर्व पॅकेजांची आवृत्तींसह यादी देते. ती ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या फाइलमध्ये साठविण्याची रीत आहे. यादी व पॅकेजांचे फोल्डर जपून ठेवले, तर संगणक बदलला किंवा शिक्षकाची बदली झाली तरी मागून येणाऱ्याला पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. ‘पायथन -एम पिप चेक’ या आज्ञेने कोणाचा सोबती राहिला आहे काय, हेही कळते.

महाराष्ट्रातील काही प्रयत्न

पायथन आणि ग्रामीण शाळा यांची गाठ महाराष्ट्रात पूर्वीच पडलेली आहे. ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावी, एकशिक्षकी शाळेत झाला. मुलांना दिलेल्या त्या यंत्रांवरील ‘शुगर’ ही प्रणाली मुख्यतः पायथनमध्ये लिहिलेली होती, आणि चालू असलेल्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर पाहता यावा म्हणून कळफलकावर एक स्वतंत्र कळ ठेवलेली होती.

मुंबईच्या आयआयटीतील विमानविद्येचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी त्रिमितीय आकृत्या दाखविणारे ‘मायावी’ हे पॅकेज रचले. जगभरचे शास्त्रज्ञ ते वापरतात. पण मायावीलाही व्हीटीके, नमपाय, ट्रेट्स इत्यादींवाचून पाऊल टाकता येत नाही. म्हणजे पूर्वतयारीची गरज नवशिक्यापुरतीच आहे, असे मानण्याचे कारण नाही.

त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले आहेत. त्यांत पायथनचेही पाठ असून या उपक्रमातील कित्येक पाठ मराठी निवेदनासह मिळतात. प्रत्येक पाठाच्या आरंभी, हा पाठ समजण्यास आधी काय यावयास हवे, ते सांगितलेले असते. टाचणातील पूर्वज्ञानाचा रकाना तो हाच.

उपसंहार

उदाहरणातील गुरुजी पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा नवापुरास आले. या वेळी त्यांच्या खिशात यंत्राची माहिती लिहिलेला कागद होता. त्यांनी सर्व सोबत्यांसह फोल्डर नेले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडद्यावर पावसाचे एकशेबावीस दिवस शेजारी शेजारी उभे राहिले. एका उंच स्तंभाकडे बोट दाखवून ती मुलगी म्हणाली, ‘गुरुजी, शाळा लवकर सोडली होती, तो हा दिवस.’ वहीतील आकड्याचा आणि अनुभवाचा मेळ तिने स्वतः घातला होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तिने पहिल्या दिवशीच पाहिली होती. काम अडले तेव्हा गुरुजी संगणकावर चिडले नाहीत, अथवा हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे असेही म्हणाले नाहीत. काय राहिले ते पाहू या, असे म्हणून त्यांनी कागद घेतला. ज्या मुलाला पुढे कित्येक वेळा अडावयाचे आहे, त्याला शिक्षकाकडून मिळणारे हे सर्वांत मोलाचे पूर्वज्ञान होय.